शालन मागं, मी पुढं: पंचगंगेतले चार दिवस

प्रयाग चिखलीहून नरसोबाच्या वाडीला मोटारीनं जायला दीड तास पुरतो. आम्हाला चार दिवस लागले, आणि त्यातला जवळजवळ अर्धा दिवस आम्ही नवरा-बायको एकाच होडीत पुढं-मागं बसून एकमेकांशी बोलत नव्हतो. परत आल्यापासून कसबा बावड्यातली माणसं मला चहाच्या टपरीवर धरतात आणि विचारतात, "आण्णा, खरंच वल्हवत गेलतासा व्हय?" प्रत्येकाला नव्यानं सांगताना काही ना काही गाळलं जातं, आणि नेमकं महत्त्वाचं तेच गाळलं जातं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

मी तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. संध्याकाळी कोल्हापुरातून निघायचं, पहाटे मुंबईत दूध उतरवायचं आणि परत फिरायचं. हमरस्त्यावरचा प्रत्येक चढ-उतार मला पाठ आहे, पण नदी मी आयुष्यभर पुलावरूनच बघितली. माझी बायको शालन नदीकाठची, कुरुंदवाडच्या अलीकडच्या एका गावातली. चालायला लागली त्याच सुमाराला ती पोहायलाही लागली असणार. पण लग्नानंतर बावड्यात आली, पोरगी झाली, दोन म्हशी झाल्या, आणि पोहणं कुठल्या कुठं राहिलं.

तयारी

सगळं सुरू झालं शालनच्या गुडघ्यांपासून. डॉक्टर म्हणाले, चालू नका, पोहा. ती तलावावर, म्हणजे पोहायच्या टाकीवर, नाव घालून आली. तिथं शिकवायला रेहाना मुल्लाणी नावाची तिशीतली मुलगी आहे. तिनं पहिल्या दिवशी शालनला उथळ बाजूला उभं केलं आणि हातात थर्माकोलची फळी दिली. शालननं फळी उलटी-सुलटी करून बघितली, काठावर ठेवली, आणि एका दमात पलीकडच्या टोकाला जाऊन आली.

"मावशी, कुठं शिकला हे?" रेहानानं विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" शालन म्हणाली.

ही रेहाना दर हिवाळ्यात पाच-सहा माणसांना घेऊन पंचगंगेतून कनूनं वाडीपर्यंत जाते. कनू म्हणजे लांबट, दोन्हीकडून निमुळती, हलकी होडी. एक माणूस पुढं, एक मागं, दोघांच्या हातात एकेक वल्हं. शालन तिथला फॉर्म घेऊन घरी आली आणि म्हणाली, "एका होडीत दोघं लागत्यात. त्या मलकापूरच्या पोवार सरांबरोबर मी जातो म्हनं."

"मी येतो," मी म्हणालो.

का म्हणालो, हे मला त्या क्षणी नीट कळलं नव्हतं. पोवार सर सत्तरीला टेकलेले, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण शालन पाण्यात आणि मी काठावर, हे चित्र मला सोसवेना. आमची पोरगी प्राजक्ता बेळगावला दिली आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहता तरी येतं का?" मी म्हणालो, जॅकेट असतं की.

फॉर्ममध्ये आजार, गोळ्या, रक्तगट असं सगळं होतं. शेवटचा रकाना होता: कशाची भीती वाटते? मी लिहिलं, "काही नाही." त्याच्याखाली जोडीदाराची सही लागत होती. शालननं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि सही केली.

तीन रविवार सराव झाला. जॅकेट घालून पाण्यात पडायचं, तरंगत राहायचं, उलटी झालेली कनू सरळ करायची. मला सगळं जमलं, कारण टाकीत माझे पाय तळाला टेकत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

बसायच्या जागेवरून मात्र मी हुज्जत घातली. कनूची दिशा मागचा माणूस सांभाळतो. तीस वर्षं ज्यानं स्टिअरिंग सोडलं नाही, त्याला मागची जागा मिळावी असं मला वाटत होतं. रेहाना म्हणाली, "काका, तुमचे हात बळकट आहेत, तुम्ही पुढं बसून जोर लावा. मावशींना पाणी कळतं, त्या मागं." आणि वर म्हणाली, "पुढच्यानं मागच्याला शिकवायचं नाही. मागच्यानं पुढच्यावर ओरडायचं नाही. एवढं पाळलं की निम्मी नदी पार झाली."

शालननं लग्नाला निघाल्यासारखं सामान काढलं होतं. दशम्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, भडंगाची पिशवी, शिवाय स्टीलचे सात डबे. रेहानानं एका माणसाला एकच पिशवी म्हणून डबे परत पाठवले. भडंग मात्र मांडीवर घेऊन स्वतः तपासलं आणि ठेवून घेतलं. पिशव्या कनूला बांधायचं काम माझ्याकडं आलं. टँकरच्या आधी मालट्रकवर ताडपत्री बांधून बांधून दोराची गाठ माझ्या बोटांत बसलेली आहे. त्या गाठी बघून रेहाना म्हणाली, "काका, ह्या मला शिकवा." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपणही ह्या टोळीत शोभतो.

पहिला दिवस: चिखली ते बावडा

संगमावर सकाळी इतकं धुकं होतं की पाणी कुठं संपतं आणि काठ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. आम्ही सहा जण, तीन कनू. पहिलीत रेहाना आणि पोवार सर, मधे आम्ही, शेवटी कागलच्या दोघी बहिणी, वैशाली आणि माधुरी. दोघींचं मिळून औषधांचं दुकान आहे. जड सामान घेऊन रेहानाचा भाऊ इम्तियाज गाडीनं रस्त्यानं येणार होता. पोवार सरांनी नारळ फोडला, रेहानानं खोबऱ्याचे सहा तुकडे वाटले आणि आम्ही निघालो.

निघाल्यावर शंभर हातांतच मी सुरू झालो. "डावीकडं घे. आणखी डावीकडं! फांदी बघ पुढं!"

मागून शालनचा आवाज आला, "अवो, फांदी दिसती मला. रस्ता न्हवं ह्यो."

खरंच रस्ता नव्हता. रस्त्यावर मी कधी काठाकडं बघितलं नव्हतं. बघणारा ड्रायव्हर खड्ड्यात जातो. इथं बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. उसाचे तुरे पाण्यावर वाकलेले, मोटारींचे पाईप नदीत उतरलेले, एका खडकावर पंख पसरून पाणकावळा बसलेला. ऊन वर आलं तसं धुकं उचललं गेलं आणि सगळी नदी एकदम उघडी पडली. मी वल्हं मांडीवर ठेवून बघत राहिलो. रेहाना पुढून ओरडली नाही. तिनं फक्त आपली कनू थांबवली. तिचा नियमच तसा: सगळ्यांत हळू कनू ज्या वेगानं जाईल, तोच सगळ्यांचा वेग. माझ्यामुळं पाच माणसं थांबलेली बघून मी आपोआप वल्हं उचललं.

कोल्हापूरच्या घाटाजवळ बायका धुणं धूत होत्या. तिथं रेहानानं हात वर केला. आम्ही वल्ही उचलून धरली आणि प्रवाहावर सरकत गेलो, म्हणजे लाट जाऊन कुणाचं धुणं वाहू नये. मोबाईल काढायचे नाहीत, हे तिनं आधीच बजावलं होतं. एक म्हातारी पिळा हातात धरून ओरडली, "कुठं चाललासा गं?"

"वाडीला!" शालन म्हणाली.

"मग गाड्या बंद हायत व्हय?"

घाटभर हशा झाला. शालन इतकी हसली की कनू डुलायला लागली, आणि मी दोन्ही हातांनी कडा धरल्या. माझी बोटं पांढरी पडली होती. ती मी पटकन मांडीखाली घेतली.

दुपारनंतर बावड्याचा बंधारा आला. बंधाऱ्यावरून कनू नेता येत नाही. उतरायचं, सामान सोडायचं, चौघांनी मिळून एकेक कनू खांद्यावर घेऊन पलीकडं ठेवायची. तिथंच काठावरच्या रानात, मालकाला विचारून, मुक्काम होता. आणि इथून माझं घर चालत पंधरा मिनिटांवर! माझी गादी, माझं गरम पाणी. मी रेहानाला म्हणालो, "सकाळी सहाला हजर होतो."

"नको काका. एक माणूस घरी गेला की बाकीच्यांचं निम्मं लक्ष त्याच्याकडं लागतं."

मग मी घराजवळ, तंबूत, दशमी-खर्डा खाऊन झोपलो. शेजारचा बाळू बघायला आला आणि म्हणाला, "आण्णा, वैनीनं घराभायेर काडलं काय तुमास्नी?"

दुसरा दिवस: शिरोलीचा पूल

आता जे सांगायचं आहे, ते मी टपरीवर गाळतो.

काही वर्षांपूर्वीच्या महापुरात मी टँकर घेऊन परत येत होतो. शिरोलीच्या अलीकडं रस्त्यावर पाणी आलेलं होतं. पुढच्या दोन गाड्या गेल्या म्हणून मीही घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी पायऱ्यांवर आलं, दारावर आलं, मग मी काचेतून बाहेर पडून टँकरवर चढलो. तिथं मी सबंध रात्र काढली. टँकर खालून हलायचा, मध्येच थोडा सरकायचा, आणि मी झाकणाची कडी धरून पालथा पडलेलो. सकाळी रबरी होडी आली. त्या रात्री शालनचा फोन आला तेव्हा मी सांगितलं होतं, "साताऱ्याला अडकलोय. ढाब्यावर जेवलोय, वांग्याची भाजी नि भाकरी. आता झोपतो." आणि नंतरही कधी खरं सांगितलं नाही. झालं ते झालं, तिला कशाला घोर, असं मी मनाला समजावलं होतं. खरं म्हणजे ते बोलायला लागलं की माझ्या हाताला कडीचा गारवा जाणवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही हमरस्त्याच्या पुलाखाली आलो. नदी शांत होती. पाणी संथ, हिरवट, ऊन छान. पुलाखालच्या सावलीत शिरलो, आणि वरून एक जड गाडी गेली. पुलाचा सांधा धडधडला, एअरब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला. तो आवाज दोन खांबांमध्ये घुमला, आणि माझ्या खालची कनू सरकते आहे असं मला वाटलं.

कनू सरकणारच. ती पाण्यावर होती. पण मला ते कळत नव्हतं. मी वल्हं टाकून दिलं, कडा धरल्या आणि उठून उभा राहिलो.

"बसा! अवो, बसा खाली!" शालन ओरडली. मग आम्ही दोघंही पाण्यात होतो.

पाय टेकायला तळ नव्हता. जॅकेटनं मला वर आणलं, तरी मी हात-पाय झाडत होतो. तेवढ्यात मानेमागं कुणीतरी पट्टा धरला. "आभाळाकडं बघा," शालन माझ्या कानाशी म्हणत होती. "पाय सोडा. आभाळाकडं बघा फकस्त." आभाळ नव्हतं, पुलाचं सिमेंट होतं. मी तेच बघितलं. पाण्यात ती मला ओढत होती आणि मी उताणा होतो, आणि सिमेंट संपून आभाळ आलं.

वैशाली-माधुरीनं आमची कनू आणि वल्ही गोळा केली. काठावर आल्यावर दिसलं की शालनच्या भुवईवर कनूची कड लागून चांगलं बोटभर फाटलं होतं. वैशालीनं जखम धुऊन पट्टी लावली. रक्त शालनच्या गालावरून जॅकेटवर आलं होतं, आणि ती मात्र माझे हात चोळत होती.

कोरडे कपडे झाले, चहा झाला. रेहाना माझ्यासमोर उकिडवी बसली.

"काका, काय झालं?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, शालनसमोर, टँकरपासून सगळं. वांग्याच्या भाजीपर्यंत. बोलताना मी शालनकडं बघू शकलो नाही.

रेहानानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "भिण्यात चूक नाही. मी तुम्हाला पूल यायच्या आधी काठानं घेतलं असतं, नाहीतर तेवढं चालत नेलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण मला माहीतच नव्हतं. मावशींचा डोळा थोडक्यात वाचला." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. ड्रायव्हर म्हणून माझ्या हातून कधी कुणाला खरचटलंही नव्हतं.

तेवढ्यात पोवार सर खाकरले. "मॅडम, आता विषय निघालाच आहे तर... मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. फॉर्मवर लिहायचं राहिलं."

"राहिलं?"

"नाही लिहिलं," सर म्हणाले.

"म्हणून कालपासून मी 'उजवीकडं' म्हटलं की तुम्ही 'हो, छान आहे' म्हणताय!" रेहानानं कपाळावर हात मारला. माधुरी फसकन हसली, आणि मग सगळेच हसलो. शालन सोडून.

रेहानानं विचारलं, "काका, गाडीतून येणार की कनूतून? दोन्हीत कमीपणा नाही." मी उत्तर द्यायच्या आत शालन उठली, कनूच्या मागच्या जागेवर जाऊन बसली आणि वल्हं हातात घेतलं. मी पुढं जाऊन बसलो. रेहानानं आपली कनू आमच्या शेजारी ठेवली आणि सगळा ताफा काठाकाठानं निघाला. संध्याकाळपर्यंत शालन माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मागून फक्त तिच्या वल्ह्याचं पाणी ऐकू यायचं. पुढं बसलेल्याला मागचा चेहरा दिसत नाही. मला वाटत राहिलं, तिचं माझ्यावरचं मन उडालं.

तिसरा दिवस: गुऱ्हाळ

रुकडीच्या आसपास नदीकाठी एक गुऱ्हाळ चालू होतं. आदल्या संध्याकाळी रेहानानं काठावर उतरायच्या आधी पाण्यातूनच हाक दिली होती, "तात्या, इथं मुक्काम केला तर चालंल का?"

मालक, तुकारामतात्या, धोतराचा सोगा खोचत पुढं आले. "पावणं, इचारतासा कशाला? या की! रान काय कुठं जातंय व्हय?" तरीही तिनं तंबू कुठं लावू, चूल कुठं पेटवू, कुठल्या बाजूला जायचं नाही, सगळं विचारून घेतलं. तात्यांना ह्या विचारण्याची गंमत वाटत होती, पण दुसऱ्या दिवशी ते आमच्यासाठी स्वतः भाकऱ्या घेऊन आले, तेव्हा म्हणाले, "इचारून बसलेला मानूस घरचा वाटतोय बघा."

सकाळी पहिली काहील चढली होती. काहील म्हणजे उसाचा रस उकळायची ती भली मोठी पसरट कढई. चार माणसं आत बसतील एवढी. रसाला फेस आला होता आणि गोड, जळकट वास सगळ्या रानात पसरला होता. शालन वाटीत काकवी आणि हातावर भाकरी घेऊन काहिलीजवळ उभी होती. भुवईवर पट्टी, गाल सुजलेला. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

तीच म्हणाली, "आमच्या गावात पूर आला की असली काहील पान्यात सोडायचे. तिच्यात बसून शाळंला गेलोय मी."

"भ्या वाटायचं नाही?"

"वाटायचं की. दादाचा हात धरायचो." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"टँकरचं. पूर वसरल्यावर चौथ्या दिवशी तुमच्या त्या कांबळे ड्रायव्हरची बायको आलती. तिनंच सांगितलं. रातभर टँकरवर हुता म्हनून."

तिला माहीत होतं. इतकी वर्षं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगशीला म्हनून थांबलो. आज सांगतील, उद्या सांगतील. मग म्हटलं, सांगायचं नसंल त्यांस्नी. पन झोपंत तुम्ही मूठ आवळतासा, ती मी सोडवत हुतो." तिनं मोडलेला तुकडा परत भाकरीवर ठेवला. "आनि फारमावर तुम्ही 'काही नाही' लिवलंसा, ते खोटं हाय हे कळूनबी मी सही केली. मला वाटलं, पान्यात आल्यावर तरी मोकळं हुतील. मानसाला असं ढकलतंय व्हय कुनी? काल तुम्ही बुडाला असतासा तर? मी कुनाला तोंड दाखवनार हुतो?"

म्हणजे कालचा अबोला माझ्यावरच्या रागाचा नव्हताच.

"तुझ्या हातात पट्टा होता," मी म्हणालो. "कसा बुडलो असतो?"

ती रडायला लागली. गुऱ्हाळावरची माणसं फार समजूतदार निघाली. सगळ्यांनी एकदमच चुलवाणात लक्ष घातलं. मी तिच्या हातातली काकवीची वाटी घेतली, कारण ती कलत होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "तीस वर्सं तुम्ही घरातनं गेलासा की दुसऱ्या दिवसापतूर मला कळायचं न्हाई, कुठं हायसा, कसं हायसा. फोनवर जेवलो म्हनायचा, मी खरं धरायचो. हे दोन दिवस तुमची पाठ माज्या डोळ्यांम्होरं हाय. मला लई बरं वाटतंय."

मी काकवीत भाकरी बुडवली आणि तो घास तिला दिला. लग्नातही मी एवढा लाजलो नव्हतो.

मग आम्ही दोघं रेहानाकडं गेलो आणि शालननं आपण होऊन सहीचं सांगितलं. रेहाना दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "तुम्ही दोघंबी ना... पुढच्या वर्षी मी फॉर्म वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरून घेणार आहे."

त्या दिवशी वल्हवणं कमीच झालं. इचलकरंजीच्या अलीकडं-पलीकडं केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं, नदी अशी झाकली होती की तिच्यावर म्हशी चराव्यात. कनूचं टोक त्यात रुतायचं आणि वल्ह्याला मुळ्यांचे झुबके यायचे. पोवार सर वल्ह्यानं मुळ्या बाजूला सारून खालचं पाणी शोधत होते. ते इथं तरुणपणी नदीची चित्रं काढायला यायचे. शेवटी कनू गाडीवर बांधल्या, माझ्याच गाठींनी, आणि तेवढा भाग रस्त्यानं ओलांडला. निघताना माधुरीनं काठावरच्या आमच्या चहाच्या जागेवरून भडंगाचा एकेक दाणा वेचून घेतला. शेजारीच कचऱ्याचा ढीग होता. मी म्हणालो, "एवढ्यानं काय फरक पडणार?" ती म्हणाली, "नदीला नसंल पडत काका, मला पडतो."

चौथा दिवस: वाडी

कुरुंदवाडच्या अलीकडं नदी पुन्हा मोकळी झाली. शालनचं गाव आलं तेव्हा तिनं वल्हं थांबवलं. तिच्या माहेरचं आता तिथं कुणी नाही. भाऊ जयसिंगपूरला गेला. घाटाच्या चार पायऱ्या, एक लिंबाचं झाड, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. "उतरायचं?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली. "हितनं बघायचं हुतं. पान्यातनं." आम्ही सगळे तिथं थांबलो. मग तीच म्हणाली, "चला."

वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा रुंद आहे. संगमाजवळ आलो तेव्हा वारा समोरून होता, कृष्णेचं पाणी बाजूनं येऊन आमच्या पाण्याला ढकलत होतं, आणि लहान लहान लाटा कनूवर टकटक करत होत्या. पलीकडं घाट दिसत होता, देवळापुढची गर्दी दिसत होती. माझ्या बोटांत कडीचा तो गारवा आला. मी वल्हं घट्ट धरलं. दोनदा वल्हं मारलं. तिसऱ्यांदा मारता येईना.

"शालन," मी म्हणालो, "मला भ्या वाटतंय."

आयुष्यात हे वाक्य मी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. ते वाऱ्यात उडून जाईल असं वाटलं, पण तिनं ऐकलं. "बरं," ती म्हणाली, अगदी भाजीत मीठ कमी आहे असं मी म्हटल्यासारखं. मग आवाज चढवून, "रेहाना! जरा थांबायचं हाय!"

रेहाना फिरली. कागलच्या दोघी आल्या. तिन्ही कनू एकमेकींना चिकटवल्या, आणि शेजारच्यानं शेजारच्या कनूची कड धरली. एकटी कनू डुलत होती. तिन्ही मिळून एक रुंद फळी झाली आणि डुलणं थांबलं. माझ्या उजव्या हाताला वैशालीचा हात, डाव्या हाताला पोवार सरांचा. सर म्हणाले, "ह्या बाजूनं बोला, हा कान चांगला आहे." कुणी घाई केली नाही. वैशालीनं कवठाची बर्फी कुठल्या दुकानात चांगली मिळते ते सांगितलं आणि माधुरीनं ते दुकान नव्हे, दुसरं, असं सांगितलं. दोघींचं त्यावरून चांगलं वाजलं. मी आभाळाकडं बघितलं, मग पाण्याकडं, मग घाटाकडं.

"निघू," मी म्हणालो.

सुटे झालो आणि वल्ही मारायला लागलो. मधल्या धारेत कनूचं तोंड वळायला लागलं तेव्हा मागून शालन म्हणाली, "जोर लावा, मी हाय," आणि मी जोर लावला. घाटाला लागलो तेव्हा माझे खांदे भरून आले होते. आंघोळ करणारी माणसं बाजूला सरकली, एका अनोळखी माणसानं हात देऊन मला वर घेतलं, आणि मी ओल्या पायरीवर बसून राहिलो.

बाकीचे कनू ओढत होते. शालन पदरानं तोंड पुसत माझ्या शेजारी बसली. तिनं पिशवीतून मोबाईल काढला आणि प्राजक्ताला फोन लावला. मला वाटलं, पोचलो म्हणून सांगेल, भुवईच्या जखमेचं गाळेल.

"हॅलो, प्राजू? पोचलो बग वाडीला," ती म्हणाली. मग घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, बक्षीस मिळालेल्या पोराबद्दल सांगावं तशी म्हणाली, "अगं, तुजा बाबा मधी नदीत भ्याला, आनि मला सांगितलं की त्यानं!"